अंगठा उमटत नाही म्हणाला, तीनदा लावून घेतला

मी सांगतेय, लेक लिहून घेतेय.

चार घरची धुणीभांडी करते. नवरा जाऊन तीन वर्षं झाली. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १५०० रुपये खात्यात येतात. लेकीच्या फीसाठी ते शक्यतो काढत नव्हते.

वस्तीतल्या समाजमंदिरात एक पोरगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन बसला होता. "हयातीची नोंद करा मावशी, नाहीतर पगार बंद होईल." निराधारच्या पैशाला आमच्याकडे पगारच म्हणतात. हयातीचा दाखला दर वर्षी द्यावाच लागतो, म्हणून शंका आली नाही. त्याने आधार नंबर घेतला, पैसे कोणत्या बँकेत येतात ते विचारलं. अंगठा लावला. "उमटला नाही, परत लावा." पदराला बोट पुसून परत लावला. "अजून एकदा."

इथंच मी फसले. साबण आणि तारेच्या घासणीने माझ्या बोटांवरच्या रेघा झिजल्यात. रेशनलाही चार-चारदा अंगठा लावावा लागतो. मशीन नाही म्हणालं की मला चूक माझ्याच हाताची वाटते. उलट मीच त्याला म्हणाले, "तुला त्रास झाला रे बाळा." वर पन्नास रुपये फी दिली!

पासबुकात एकाच तारखेला दोन नोंदी निघाल्या, १०,००० आणि ४,५००. बँकेतल्या मॅडमनी समजावलं की आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा एवढ्यावर पैसे निघतात. ओटीपी नाही, कार्ड नाही, सही नाही. पहिल्या अंगठ्याला त्याने शिल्लक बघितली असणार. एका वेळी दहा हजारांच्या वर निघत नाहीत, म्हणून तिसरा अंगठा.

मेसेज कसा आला नाही? खात्याला नंबर नवऱ्याचा. तो गेल्यावर रिचार्ज कोण करणार, सिम बंद पडलं. पासबुक भरायला गेले तोवर सतरा दिवस उलटले होते. कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं असतं तर तक्रारीला जोर आला असता, असं मॅडम म्हणाल्या. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर आहे, त्याला फोन केला, लेखी अर्जही दिला. पैसे अजून आलेले नाहीत.

बायांनो, ज्यांचा नवरा गेलाय किंवा सोडून गेलाय, त्यांनी आधी खात्याचा मोबाइल नंबर बघा, कुणाचा आहे तो. हयातीचं काम असेल तर तहसीलला किंवा तलाठ्याला विचारा. आणि कुणी "उमटला नाही" म्हणालं तर स्क्रीन आपल्याकडे फिरवायला लावा, तो चिडला तरी चालेल.

आता लेकीने आधारच्या अ‍ॅपवरून माझ्या अंगठ्याला कुलूप घातलंय. त्याने रेशनलाही अंगठा चालत नाही, एवढी कटकट आहे. रांगेत नंबर जवळ आला की ती फोनवर उघडते, धान्य पिशवीत पडलं की परत लावते.