हॉल ते अंगण एकच फरशी: कोटा, पोर्सेलिन की कोबा?

वास्तुविशारद मीस व्हान डर रोहे यांच्या अमेरिकेतल्या, १९५१ सालच्या फार्न्सवर्थ हाउसमध्ये ट्रॅव्हर्टाइनची फरशी काचेच्या खालून सरळ बाहेरच्या ओट्यावर जाते. पुढे अनेक आधुनिक घरांनी हीच कल्पना उचलली. नाशिकच्या बंगल्यात ती करायची असेल तर फरशी निवडण्याआधी तिच्याखाली काय आहे ते बघा.

घर पायावर उभं असतं, अंगण मात्र भरावावर. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. घर जागेवर राहतं, ओटा खचतो आणि दाराशी पायरी पडते. म्हणून काळी माती काढून टाका. मुरूम १५० मिमीच्या थरांत भरा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमस करा. वर जाळीसह १०० मिमी पीसीसी (साधं सिमेंट काँक्रीट) घाला. जोतं आणि ओटा यांच्यामध्ये १० मिमीचा सांधा ठेवून त्यात लवचिक सीलंट भरा. फरशीची रेघही याच सांध्यावर आली पाहिजे, नाहीतर तडा फरशीतूनच जाईल.

कोटा इथे सर्वांत सोपा. दगड एकच, जाडी २० ते २५ मिमी, त्यामुळे आतबाहेर पातळी जुळवायला त्रास नाही. आत पॉलिश, बाहेर लेदर फिनिश (किंचित खडबडीत) घ्या. पॉलिश केलेला कोटा पावसात घसरतो आणि उन्हात त्याची चमक जाते. लादीगणिक जाडी थोडी कमीजास्त असते, म्हणून खाली १:४ मालाचा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) ४० मिमीचा थर लागतो. हा चुनखडीचा दगड आहे: लिंबू, चिंच किंवा बाथरूमचं ॲसिड सांडलं की पांढरा डाग पडतो, आणि तो पुन्हा पॉलिश केल्याशिवाय जात नाही. स्वयंपाकघर हॉलला लागून असेल तर हे आधी लक्षात घ्या. बाहेरचं शेवाळ ब्रशने घासून काढावं लागेल.

पोर्सेलिनला डाग पडत नाहीत, पण हिशेब चोख लागतो. आत १० मिमी, बाहेर त्याच मालिकेतली २० मिमी टाइल. म्हणजे दाराशी बाहेरचा तळ १० मिमी खाली हवा. तीन मीटर खोल ओट्याला १:१०० ढाळ दिला तर बाहेरच्या कडेला आणखी ३० मिमी, एकूण ४० मिमी. हे पीसीसीच्या आधी मिस्त्रीला सांगा. नंतर दुरुस्ती नाही. बाहेर आर ११ पकडीची (ओल्यात पाय न घसरण्याची श्रेणी) टाइल घ्या आणि खोक्यांवरचे बॅच क्रमांक जुळवा. पोर्सेलिन पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे सिमेंटच्या रबडीवर ती धरत नाही. पॉलिमर अधेसिव्ह पूर्ण पाठीला लावा. पोकळ जागा राहिली की तिथे पाणी साचतं आणि टाइल सुटते.

कोबा म्हणजे जागेवरच घालून घोटलेली सिमेंटची जमीन. कोब्यात रेघच दिसू नये ही हौस पुरी होईलसं वाटतं, पण उघड्या उन्हात सलग कोबा तडकतोच. एक-सव्वा मीटरचे चौकोन पाडून काचेच्या पट्ट्या घाला आणि सात दिवस पाणी धरा. चांगला हात असलेला मिस्त्री मिळाला तरच करा.

छपराखालचा व्हरांडा असेल तर कोटा. उघडा, पश्चिमेकडचा ओटा असेल तर फिकट रंगाचं पोर्सेलिन. गडद फरशी दुपारी अनवाणी पायांना सोसत नाही.

काहीही निवडा, उंबरा सपाट ठेवायचा तर दाराबाहेर पूर्ण रुंदीची १०० मिमीची नाली हवीच. फार्न्सवर्थच्या ओट्यावर पाणी सांध्यांतून खालच्या खडीत जातं. आपल्या आडव्या पावसाला तेवढं पुरणार नाही. नालीची जाळी उचलता येणारी असावी, पाइप ७५ मिमीहून लहान नको. फरशी बसवण्याआधी नालीत बादली ओतून बघा. पाणी तुंबलं तर तेव्हाच फोडून ढाळ नीट करून घ्या.