लेकीला ट्विन ब्लॉक, मला नाइट गार्ड

पेठेतल्या या ऑर्थोडॉन्टिस्टांकडे (वाकडे दात नीट करणारे डॉक्टर) बारा वर्षांच्या लेकीला पुढे आलेल्या दातांसाठी नेलं. माझा जबडा जांभई देताना कट्कन वाजतो, तेही दाखवून घेतलं. तिला ट्विन ब्लॉक, म्हणजे खालचा जबडा पुढे धरून ठेवणाऱ्या काढता-घालता येणाऱ्या दोन प्लेट. मी झोपेत दात खाते म्हणून मला नुसतं रात्री दातांवर बसवायचं गार्ड. असं का, हे डॉक्टरांनी एक्स-रे लावून सांगितलं, त्यालाच माझे पाच तारे. वाढत्या वयात जबड्याच्या सांध्याच्या टोकावरची कूर्चा (मऊ, लवचिक हाड) हाड तयार करत असते, त्यामुळे खालचा जबडा पुढे धरला की सांधा थोडाफार जुळवून घेतो. बाकी फरक दात सरकल्याने पडतो. वाढ संपल्यावर हाड बदलतं, पण हळू, आणि बरेचदा चपटं होऊन. माझं तसंच दिसलं. तरी दुखत नसेल तर डॉक्टरांकडून दात घासून घेऊन चावा, म्हणजे वरखालच्या दातांची जुळणी, ‘सरळ’ करू नका, वाकड्या चाव्यानेच सांधा बिघडतो असं सिद्ध झालेलं नाही, हेही स्वतःहून म्हणाले. गिऱ्हाईक असं कोण सोडतं हो!

वेटिंग मात्र भयंकर, स्कूटरला जागा नाही. आणि ट्विन ब्लॉकने मूल सुरुवातीला बोबडं बोलतं, हे आधी सांगायला हवं होतं.