जुन्या ग्रेडरला मागचा रिपर : लोखंड चांगलं, जोडणी मात्र नीट करून घ्या

फोंडा तालुक्यातल्या एका वर्कशॉपमध्ये ऑर्डरप्रमाणे बनणारा हा रिपर, म्हणजे कडक जमीन फोडणारी दातांची फ्रेम, कॅटरपिलर १२०जी आणि त्या वजनाच्या जुन्या ग्रेडरना (रस्ता सपाट करणाऱ्या मशीनना) बसतो. मागची जोडप्लेट, समांतर भुजांची फ्रेम, पाच खोबणींचा बीम, तीन शँक (दातांचे दांडे), पिना आणि दोन सिलेंडर एवढं संचात मिळतं. होज, व्हॉल्व्ह आणि बोल्ट आपण आणायचे. एकूण वजन टनाच्या घरात.

गोव्यात काम म्हटलं की जांभा आलाच. उन्हात वाळलेल्या जांभ्याच्या कवचावर नुसतं पान (ग्रेडरचं माती खरवडणारं ब्लेड) चालवलं तर ते वरून घसरतं, कटिंग एज झिजते आणि सर्कलचा (पान फिरवणाऱ्या कड्याचा) ढिलेपणा वाढतो. मागचा रिपर मशीनचं वजन घेऊन आत शिरतो आणि पानाला फक्त सुटा माल ओढावा लागतो. म्हणून हा खर्च योग्य आहे.

फ्रेम समांतर भुजांची आहे हा मोठा गुण. खोली कितीही ठेवली तरी दाताचा कोन तोच राहतो. एकाच भुजेवर फिरणाऱ्या स्वस्त रिपरमध्ये खोलीबरोबर कोन बदलतो आणि दात टाचेवर घासत जातो. पिनांचं कामही नीट आहे. प्रत्येक पिनेच्या डोक्याला लॉक प्लेट आहे, त्यामुळे पीन बुशमध्येच (भोकात बसवलेल्या नळीतच) फिरते, कानाचं, म्हणजे पीन धरणाऱ्या प्लेटचं, भोक खात नाही. बुश झिजलं तर बदलता येतं. कान झिजला तर वेल्डिंग आणि बोरिंग दोन्ही आलं.

आता जोडणी. खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या तेव्हा कित्येक ग्रेडर यार्डात पावसात उभे राहिले. असं मशीन असेल तर आधी मागची प्लेट घासून डीपी टेस्ट (चिरेत शिरणाऱ्या रंगाने तडा शोधायची तपासणी) करा. बोल्टच्या भोकांपासून निघालेली केसासारखी चीर रंगाखाली दिसत नाही आणि रिपरचा पहिला जोरदार झटका तिथेच बसतो. वेल्डिंग लागलंच तर बॅटरी सोडा आणि अर्थ क्लॅम्प वेल्डच्या शेजारी लावा, नाहीतर करंट टँडमच्या (मागच्या चाकांच्या जोडीच्या) बेअरिंगमधून जातो. ७०१८ जातीचा वेल्डिंग रॉड ओव्हनमध्ये २५० ते ३५० अंशांवर वाळवूनच वापरा. आपल्या पावसाळी हवेत उघड्या पुड्यातला रॉड ओल धरतो आणि वेल्ड नंतर तडकतो.

जोडप्लेट येते ती दोन्ही बाजूंनी जाड रंगवलेली. हा खरा दोष. टेकणाऱ्या बाजूचा रंग पूर्ण खरवडा. तसाच ठेवला तर भाराखाली तो दबतो आणि घट्ट केलेले बोल्ट चार दिवसांत सैल होतात. बोल्ट १०.९ दर्जाचे, खाली कडक वॉशर. हायड्राने (छोट्या क्रेनने) फ्रेम उचलून धरा, आधी सगळे बोल्ट हाताने लावा, मग समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क द्या. आठ-दहा तास काम झाल्यावर पुन्हा तपासा. आणखी एक: रेडिएटर मागेच असतो. शेवटचा बोल्ट आवळण्याआधी रिपर वर आणि खाली दोन्ही स्थितींत मागचं दार उघडून पाहा. जांभ्याच्या धुळीत रेडिएटर वारंवार साफ करावा लागतो.

हायड्रॉलिकमध्ये बहुतेकांची चूक होते ती मशीनच्या दुसऱ्या कामाच्या सिलेंडरला टी मारून रिपरची लाइन घेण्यात. तसं करू नका, दोन्ही कामांचे सिलेंडर एकमेकांच्या मागे हलतात. व्हॉल्व्ह बँकमध्ये रिपरसाठी मोकळा स्पूल (तेलाची वाट बदलणारा दांडा) हवा. पुढचा स्कॅरिफायर (माती उकरणाऱ्या दातांचा जोड) काढला असेल तर त्याचा चालतो. फ्रेमच्या बाजूने स्टीलचे पाइप न्या, फक्त आर्टिक्युलेशनच्या सांध्यावर (फ्रेम मधोमध वळते तिथे) होजचा सैल वळसा ठेवा आणि मशीन दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. सायलेन्सरपासून लांब. सिलेंडर १०० मिमी बोअरचे आणि ४०० मिमी स्ट्रोकचे असतील तर दोघांत मिळून सहा लिटरांवर तेल जातं, शिवाय लाइनमध्ये दोनेक लिटर. हवा काढल्यावर टाकी पुन्हा भरा, नाहीतर पंप ओरडतो.

संचात लॉक व्हॉल्व्ह (सिलेंडरमधलं तेल अडवून धरणारा) नाही. तो सिलेंडरवरच बसवून घ्या. त्याशिवाय जुना स्पूल तेल सोडतो आणि उचललेला रिपर चालत्या रस्त्यावर हळूहळू खाली येतो, दात डांबरात रुततो. चाचणी सोपी आहे: रिपर वर घ्या, इंजिन बंद करा, पिस्टन रॉडवर सीलजवळ खडूने खूण करा, तासाभराने बघा. खूण हलली तर काम पुरं झालेलं नाही. तपासताना रिपरखाली कोणी जाऊ नये.

वजनाचा हिशेबही करा. टनभर लोखंड टँडमच्या मध्यापासून दोन मीटर मागे आणि पुढचा ॲक्सल सहा मीटर पुढे धरला, तर पुढच्या चाकांवरून साधारण ३३० किलो उतरतं. ओल्या लाल मातीच्या चढावर स्टिअरिंग हलकं पडतं. पुढे पुश प्लेट किंवा काउंटरवेट लावा.

चालवताना फ्रेम सरळ, पुढची चाकं न झुकवता उभी, पहिला गिअर. कडक कवचावर तीन दातांऐवजी मधला एकच दात लावा आणि एका फेरीत १५ सेंटिमीटरवर जाऊ नका. खोली दुसऱ्या फेरीत. वळण्याआधी आणि रिव्हर्स घेण्याआधी दात पूर्ण वर. जमिनीत असताना वळवलं की शँक पिळतो आणि खोबणीत अडकून बसतो. टिप (दाताची बदलायची टोकं) घ्यायच्या तेव्हा त्यांच्या पिनाही जादा घ्या, कारण टिप बदलायच्या आत पीनच हरवते.