बदलापुरात १४ महिने: परवडणारं भाडं, लांबचा प्रवास आणि सकाळची बसायची जागा

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही असल्फ्याहून बदलापूर पूर्वेला, कात्रपला राहायला आलो. मी, नवरा, सासूबाई आणि तिसरीतली मुलगी. असल्फ्याला वन आरकेचं (एक खोली आणि किचन) भाडं २०,००० होतं आणि ॲग्रीमेंट संपलं की घरमालक वाढवून मागायचे. इथे वन बीएचकेला ८,५०० देतो, मेंटेनन्स त्यातच. डिपॉझिट तिकडे १ लाख होतं, इथे ४०,०००. माझं ऑफिस साकीनाक्याला, म्हणजे असल्फ्याहून मेट्रोचं एक स्टेशन. तिथून उठून मी सीएसएमटीपासून सुमारे ६८ किलोमीटरवर राहायला गेले, तेव्हा ऑफिसातल्या सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. तेव्हापासून बरेच जण विचारतात, म्हणून जे अनुभवलं ते सगळं लिहून ठेवते आहे.

घर शोधताना आम्ही दिवा, डोंबिवली, अंबरनाथ, टिटवाळा, बदलापूर आणि वांगणी बघितलं. नालासोपारा-विरारचाही विचार झाला, कारण अंधेरीहून मेट्रोने साकीनाका गाठता येतं. पण नवऱ्याची नोकरी डोंबिवली एमआयडीसीत आणि बहीणही डोंबिवलीतच, त्यामुळे तो विषय लवकर संपला.

आमची पहिली पसंती दिवा होती. सगळ्यात जवळ आणि भाडंही आटोक्यात. मग एका मंगळवारी सकाळी सात वाजता मी मुद्दाम दिव्याच्या प्लॅटफॉर्मवर जाऊन उभी राहिले. तीन गाड्या सोडल्या. चौथीत चढले, पण ठाण्यापर्यंत एक पाय दुसऱ्या बाईच्या पायावर होता. तिथे राहणाऱ्या बायका हे रोज करतात, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण मला ते वर्षानुवर्षं झेपणार नाही, हे तेव्हाच कळलं.

दुसऱ्या आठवड्यात बदलापूरला तेच केलं. इथून काही लोकल सुटतात. कर्जत-खोपोलीहून येणारी गाडी भरलेली येते, पण बदलापूर लोकल इथेच रिकामी होऊन परत जाते. ती पकडली तर बसायला मिळतं. दिव्याहून घाटकोपर चाळीसेक मिनिटं, उभ्याने आणि चेंगरून. बदलापूरहून फास्टने तासाभराहून थोडं जास्त, पण बसून. मी दुसरं निवडलं आणि १४ महिन्यांनंतरही तेच निवडेन. घर बघायला निघालात की एजंट स्टेशनपासूनचं अंतर सांगतो. त्याला आधी विचारा, इथून सुटणाऱ्या गाड्या कुठल्या आणि किती वाजता.

वांगणीला भाडं आणखी कमी होतं आणि घरासमोर चंदेरीचा डोंगर. पण तिथे येते ती कर्जतकडून आलेली गाडी, आणि एक चुकली की पुढचीसाठी बराच वेळ थांबायचं. अंबरनाथहूनही गाड्या सुटतात. घर चांगलं मिळालं असतं तर तिथेच राहिलो असतो, भाडं दोनेक हजार जास्त पडत होतं. टिटवाळा नवऱ्याला गैरसोयीचं होतं. डोंबिवलीत आमच्या बजेटमध्ये जे दाखवलं ते तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात.

आता रोजचा दिवस. सकाळी ६:४० ला घर सोडते. शेअर रिक्षाने स्टेशन, आणि गाडी लागायच्या दहा मिनिटं आधी प्लॅटफॉर्मवर. दहा मिनिटं आधी का, तर अंबरनाथ-उल्हासनगरच्या कितीतरी बायका रिटर्न येतात, म्हणजे मुंबईकडून येणाऱ्या डाऊन गाडीत बसून बदलापूरला येतात आणि त्याच जागेवर बसून परत जातात. गाडी आली तेव्हा निम्म्या सीट आधीच गेलेल्या असतात. काही जणी गाडी थांबायच्या आत उडी मारतात. मी मारत नाही, आणि कुणी मारूही नये. उभी गाडी पकडूनही आठवड्यातले चार दिवस तरी मला जागा मिळते, कधी कधी चौथी सीट, म्हणजे तिघींच्या बाकाच्या कडेला टेकण्यापुरती जागा. घाटकोपरला उतरून मेट्रो, आणि पावणेनऊच्या आत ऑफिस. दारापासून दारापर्यंत दोन तास धरा. दीड तासात होतं असं कुणी सांगितलं, तर त्याने रिक्षाची वाट बघणं आणि घाटकोपरच्या पुलावरची गर्दी धरलेली नाही.

संध्याकाळ वेगळी. घाटकोपरला येणारी बदलापूर गाडी आधीच भरून आलेली असते. चढलं की बसलेल्या बायकांना विचारायला सुरुवात करायची.

"ताई, कुठे उतरणार?"

"डोंबिवली."

"मग मला द्या हं."

"दिलीय हो, त्या निळ्या ड्रेसवालीला. बाजूच्या कल्याण आहेत, त्यांना विचारा."

असं करत कल्याणला जागा मिळते, म्हणजे साधारण पाऊण तास उभं राहायचं. पहिल्या दोन महिन्यांत पायांना सूज यायची. मग ओळखी झाल्या. आता आमचा सहा-सात जणींचा ग्रुप आहे आणि ज्या बसल्या असतील त्या ठाण्यानंतर आळीपाळीने उठतात. अंबरनाथच्या एक मावशी गवारीची पिशवी घेऊन येतात, मुलुंडपासून शेंगा मोडायला घेतात आणि कल्याण यायच्या आत डबा भरलेला असतो. गाडीच्या डब्यात गवारीचा तो हिरवा, जरा उग्र वास पसरला की मला घर जवळ आल्यासारखं वाटतं. मार्चमध्ये मला ताप होता, तेव्हा याच मावशींनी मला बसवलं आणि स्वतः उल्हासनगरपर्यंत उभ्या राहिल्या.

घरी पोचायला ८:१५ होतात. मुलीचा अभ्यास सासूबाई आणि नवरा घेतात. तो साडेसहाला घरी असतो, पूर्वी साडेआठ व्हायचे. आमचं हे गणित जमलं ते त्याचा प्रवास कमी झाल्यामुळे. दोघंही दादर-बीकेसीकडे जाणारे असतील आणि घरात लहान मूल असेल, तर माझा सल्ला आहे की दोनदा विचार करा. मुलीला आठवड्यातले पाच दिवस मी जेमतेम दीड तास भेटते, आणि याचं वाईट मला रोज वाटतं.

उशिराबद्दल. कुर्ल्यापासून कल्याणपर्यंत सहा मार्गिका आहेत. ठाणे-दिवा पाचवी-सहावी फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. पण कल्याणच्या पुढे कर्जतकडे दोनच मार्ग, एक अप आणि एक डाऊन. पुण्याकडच्या मेल-एक्सप्रेस, मालगाड्या आणि लोकल, सगळं त्या दोनवरून. त्यामुळे शेवटच्या १४ किलोमीटरमध्ये गाडी थांबून राहणं हे नेहमीचं आहे. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गाचं काम चालू आहे. रविवारी मेगाब्लॉक असेल, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास मार्ग बंद, तर आम्ही कुठे जायचं ठरवतच नाही.

पावसाचं मात्र सविस्तर सांगते. गेल्या जुलैत एका दिवशी मी संध्याकाळी ५:४५ ला निघाले. ठाण्याला गाडी उभी राहिली ती राहिलीच. रात्री साडेदहाला डोंबिवली, बहिणीकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी घर. मोबाईल बंद पडला होता आणि घरी निरोप देता येत नव्हता. तेव्हापासून पर्समध्ये पॉवर बँक, बिस्किटं, पाण्याची बाटली आणि एक कोरडा कुर्ता कायम असतो. वर्षातून असे तीन-चार दिवस येणारच. कल्याण-डोंबिवलीत ओळखीचं एखादं घर असेल तर फार आधार असतो.

घर निवडतानाही पाऊसच बघा. बदलापूर पश्चिमेला उल्हास नदी आहे आणि नदीकडच्या सखल भागांत पाणी शिरतं. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं, ते याच पट्ट्यात. पश्चिमेला आम्हाला एक छान हवेशीर घर दाखवलं होतं, तळमजला, भाडं ६,५००. जिन्याखालच्या मीटरच्या पेटीजवळ भिंतीचा रंग कमरेएवढ्या उंचीपर्यंत वेगळा होता. नवऱ्याने बोट लावून बघितलं, पापुद्रा निघाला. एजंट म्हणाला, ओल आहे. शेजारच्या आजींना विचारलं तर त्यांनी पाणी किती आलं होतं ते हाताने दाखवलं. आम्ही तिथूनच परतलो. पश्चिमेला उंचावरची चांगली वस्तीही भरपूर आहे, म्हणून पश्चिम नकोच असं मी म्हणणार नाही. विकत घेणाऱ्यांनी पूररेषेचा नकाशा बघितल्याशिवाय टोकन देऊ नये.

पाण्याची गोष्ट उलटी. पावसात एवढं पाणी, आणि एप्रिल-मेमध्ये आमच्या सोसायटीला एक दिवसाआड. दोन वेळा टँकर मागवावा लागला. वाकून बादल्या उचलायच्या आणि तेही सासूबाईंनी, कारण आम्ही दोघं कामावर, हे मला फार लागलं. मग ३०० लिटरची टाकी बसवून घेतली. लाईटही जाते, पावसाळ्याच्या सुरुवातीला जास्त. घरून काम करणाऱ्यांनी इन्व्हर्टरचा खर्च धरावाच.

पैशाचा हिशेब असा. भाड्यात महिना ११,५०० वाचतात. माझा रेल्वेचा पास, मेट्रो आणि रिक्षा धरून प्रवासाचा खर्च अडीचेक हजारांनी वाढला. तीन महिन्यांचा पास काढला तर तोही थोडा स्वस्त पडतो. नवऱ्याचा जवळजवळ तेवढाच राहिला. टँकर, टाकी, उशीर झाल्यावर बाहेरचं खाणं, सगळं धरून हातात ८,००० उरतात. ते आम्ही वेगळ्या खात्यात टाकतो आहोत, घरासाठी.

आणि काही गोष्टी हिशेबात बसत नाहीत. घरात पहिल्यांदा वेगळी बेडरूम आहे, हॉल रात्री सासूबाईंचा. जूनमध्ये स्टेशनबाहेर टोपल्यांमधून जांभळं येतात. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि पानावर ठेवलेला तो वाटा विकत घेतला की मुलीची जीभ रात्रीपर्यंत जांभळी असते. असल्फ्याला खिडकी उघडली की समोरच्याचं स्वयंपाकघर होतं. इथे पाऊस पडून गेला की गॅलरीतून डोंगर दिसतात, आणि सासूबाई चहा तिथेच घेतात.

मार्चमध्ये आम्ही ॲग्रीमेंट आणखी ११ महिन्यांसाठी रजिस्टर केलं. विकत घ्यायला घरं बघतो आहोत, पण महारेरा नंबर (प्रकल्पाची सरकारी नोंदणी) तपासून, आणि ओसी, म्हणजे राहायला परवानगी, मिळालेली इमारत असेल तरच. कात्रपमधलं एक आवडलं आहे, दुसरा मजला, लिफ्ट आहे. मालकांना सांगितलं आहे की जुलैत चांगला पाऊस लागला की पुन्हा येऊन बघू आणि मग बोलू.