भिंतीतल्या धडाक्यावर सात महिने: हॅमर अरेस्टर आणि प्रेशर व्हॉल्व्हचा माझा अनुभव

वॉशिंग मशीनने पाणी घ्यायचं थांबवलं की भिंतीतून 'धाड' असा आवाज यायचा. एकदाच, पण असा की मांडणीतली ताटं किणकिणायची. आमच्याकडे मशीन रात्री लावायची सवय आणि खालच्या काकूंची झोप सावध. "अरे, रात्री साडेअकराला भिंतीत काय कुटता तुम्ही?" असं त्यांनी लिफ्टमध्ये विचारलं, तेव्हा हे प्रकरण आपल्याला निस्तरावंच लागणार हे कळलं.

आधी घराचं सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. पुण्यात चौदा मजली इमारत, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, पाणी गच्चीवरच्या टाकीतून. टाकीतल्या पाण्याची पातळी आमच्या नळापेक्षा साधारण 40 मीटर उंच, आणि दर 10 मीटरला जवळपास 1 बार दाब चढतो. वरच्या मजल्यांवर शॉवर बारीक पडतो म्हणून तक्रारी असतात, खाली आमच्याकडे जेट स्प्रे हातातून निसटला तर छत भिजतं.

पहिला प्लंबर आला, भिंतीला कान लावला आणि म्हणाला, "साहेब, लाइनीत हवा आहे." हवा असती तर नळ फुरफुरला असता, पाणी तुटकतुटक आलं असतं, टाकी धुतल्यावर दोन दिवस तसं होतंही. इथे धार एकसारखी होती. पण तेव्हा मला हे कळत नव्हतं. त्याने मशीनच्या नळाजवळ वीतभर पाइपचा उभा तुकडा वरून बंद करून बसवला. त्यात हवा कोंडून राहते आणि धक्का झेलते, अशी ही जुनी युक्ती. काम केलं, पण तीनच आठवडे. ती हवा हळूहळू पाण्यात विरघळते आणि तुकडा पाण्याने भरतो. मेन बंद करून सगळी लाइन रिकामी केली की परत तीन आठवडे. दर महिन्याला हे कोण करणार?

मग हॅमर अरेस्टर, म्हणजे असा धक्का झेलणारं तयार उपकरण, मागवला. यात हवा आणि पाण्याच्या मध्ये दट्ट्या असतो, त्यामुळे हवा विरघळत नाही. पहिला ऑनलाइन घेतला तो फसला, आणि चूक माझीच. पाऊण इंच लिहिलं होतं म्हणून घेतला, तर निघाले अमेरिकन होज पाइपचे आटे. त्यात इंचाला साडेअकरा आटे, आपल्या पाऊण इंची नळाला चौदा. दोन फेरे छान बसतो आणि मग अडतो. मी टेफ्लॉन गुंडाळून पान्याने रेटला, रात्रभर ठिबकत राहिला. 'बीएसपी', म्हणजे आपल्या नळांचे आटे आहेत का ते विचारूनच घ्या.

दुसरा बरोबर मिळाला, तर प्लंबरने तो डक्टमध्ये, म्हणजे इमारतीचे पाइप जातात त्या पोकळीत, मेन कॉकपाशी लावला, का तर तिथे जागा होती. काडीचा फरक पडला नाही. मशीनच्या आतला विजेवर चालणारा व्हॉल्व्ह क्षणात मिटतो, वाहतं पाणी जागच्या जागी अडतं आणि धक्का तिथेच जन्मतो. सेकंदाला 1 मीटर वेगाने जाणारं पाणी असं थांबलं, तर लोखंडी पाइपात 12 ते 14 बारचा झटका बसतो. प्लास्टिकच्या पाइपात त्याच्या निम्म्याहून कमी, पण क्लॅम्प सुटलेला पाइप भिंतीवर आपटायला तेवढा पुरतो. म्हणून अरेस्टर हवा थेट मशीनच्या नळावर, होज पाइपच्या आधी. तिथे हलवल्यावर त्याच रात्री 'धाड'चं 'टप' झालं. काकूंना फोन करून विचारलं, त्या म्हणाल्या, "झोपले होते रे."

पण आवाज संपले नाहीत. मोठा गेल्यावर मागचे दोन ऐकू यायला लागले, आणि इतके दिवस आपण तीन आवाजांना एक समजत होतो हे लक्षात आलं. फ्लशनंतर भोंग्यासारखं 'हूंऽऽ' यायचं. फ्लशच्या टाकीचं झाकण काढून फ्लोट हाताने वर धरला की बंद, सोडला की सुरू. आतल्या व्हॉल्व्हचा वायसर कडक होऊन चिरला होता आणि जोराच्या पाण्यात थरथरत होता. वायसर बदलला, विषय संपला. यासाठी लोक भिंती फोडतात म्हणे.

तिसरा सकाळचा 'टिक... टिक'. गीझरचं पाणी सोडलं की चारेक मिनिटं. गरम पाण्याची सीपीव्हीसी (एक प्रकारचं प्लास्टिक) लाइन तापून लांबते. तीन मीटरचा तुकडा 35 अंशांनी तापला तर सहा-सात मिलिमीटर. प्लास्टरमध्ये घट्ट गाडलेला पाइप तेवढं सरकताना अडखळत जातो. बांधताना पाइपभोवती मोकळीक ठेवली असती तर झालं नसतं. आता टाइल्स उखडण्याइतका त्रास नाही, तो तसाच ठेवला.

दाब मोजायचं गेज मी सगळ्यात शेवटी, डिसेंबरात घेतलं. साडेतीनशे रुपयांचं. हेच आधी घ्यायला हवं होतं. नळाला लावलं, सगळे नळ बंद असताना काटा 4 बारवर. खालच्या मजल्यांसाठी डक्टमध्ये बिल्डरने लावलेला प्रेशर व्हॉल्व्ह, म्हणजे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, कधीचाच अडकून पडला आहे, असं नंतर कळलं. सोसायटीची वाट न बघता मी आमच्या लाइनवर वेगळा बसवून 2 बारवर ठेवला. ज्या संध्याकाळी तो लागला, त्या दिवशी घरच शांत झालं. नळ उघडताना येणारी 'शूऽऽ'सुद्धा गेली, जी इतकी वर्षं मला आवाज वाटलीच नव्हती.

आता त्याचे उपद्व्याप. आठवड्याभरात गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकायला लागलं. प्लंबरने निदान केलं, गीझर गेला. गीझर ठणठणीत होता. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर नेलं की ते पेलाभर, साधारण 200 मिली फुगतं. आधी ते फुगलेलं पाणी गुपचूप लाइनीत मागे गच्चीकडे सरकायचं. आता प्रेशर व्हॉल्व्ह त्याला मागे जाऊ देत नाही. म्हणून ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर पडतं. सेफ्टी व्हॉल्व्हला एक बारीक नळी जोडून मोरीच्या जाळीपर्यंत आणली. ती नळी कधीही बुचाने बंद करू नका, तो व्हॉल्व्ह जीव वाचवण्यासाठी आहे. आईला ते रोजचं पेलाभर पाणी वाया गेलेलं बघवत नाही, म्हणून तिथे तांब्या ठेवलेला असतो. तुळशीला जातं.

दुसरं म्हणजे मे महिन्यात, टँकर सुरू असताना, 'धाड' पुन्हा ऐकू आली. गेज लावलं. संध्याकाळी 2 बार, आणि रात्रभर गीझर व सगळे नळ बंद असूनही पहाटे काटा 3.5 बारच्या पुढे. प्रेशर व्हॉल्व्ह उघडला तर आतल्या बैठकीवर तांदळाच्या कणीएवढा पांढरा क्षार. तेवढ्या फटीतून रात्रभर दाब झिरपत होता. व्हॉल्व्हमधली जाळी ब्रशने घासली, बैठक पुसली, परत 2. अर्ध्या तासाचं काम, पण व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारे जोड) आणि त्याच्या आधी कॉक होता म्हणून. व्हॉल्व्ह बसवतानाच त्या दोन युनियनचा आग्रह धरा, प्लंबर टाळतो.

अरेस्टर अजून चालू आहे, सात महिन्यांत हात लावावा लागलेला नाही. पण आज परत सुरुवात केली असती, तर क्रम उलटा असता: गेज, वायसर, प्रेशर व्हॉल्व्ह, आणि तरी धक्का उरला तरच अरेस्टर. काकूंकडे तर दाब आमच्याहून जास्त निघाला, आणि त्यांनी मुलाकडून प्रेशर व्हॉल्व्हच बसवून घेतला.

गेज सध्या इमारतीत फिरतंय. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या शिंद्यांनी नेलं होतं, त्यांचा काटा 3.7. तो आकडा कागदावर लिहून सेक्रेटरींना दिलाय. रविवारी डक्ट उघडणार आहेत.