२४० डीचे ओव्हरफ्लो पाइप बदलून दहा महिने: पाइप उत्तम, बुचाने घात केला

ज्यांच्याकडे मर्सिडीजची १२३ मालिकेतली जुनी डिझेल गाडी आहे त्यांना ओव्हरफ्लो पाइप म्हणजे काय ते सांगायला नको. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या चारही नोझलना एका ओळीत जोडून जादा डिझेल परत नेणारी, वरून सुती वीण असलेली ती बारीक नळी. माझी २४० डी १९८२ची, बाबांची. नोव्हेंबरमध्ये हे पाइप मी घरीच बदलले. पाइपबद्दलचं माझं मत आजही तेच आहे, पण टोकाच्या बुचाबद्दल पार बदललंय, आणि मुख्यतः त्यासाठीच लिहितोय.

सुरुवात वासाने झाली. काचेखालच्या जाळीतून हवा आत येते, त्यामुळे इंजिनवर सांडलेल्या डिझेलचा वास थेट केबिनमध्ये. सदाशिव पेठेतून हडपसरला मावशीकडे पोचेपर्यंत आईचं डोकं दुखायला लागायचं. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दोन मिनिटांत सांगितलं, डिझेलचा पंप गळतोय, उतरवून कॅलिब्रेशनला पाठवावा लागेल, ३८ हजार. कुठून गळतोय ते दाखवा म्हटलं तर म्हणाला, "एवढ्या जुन्या गाडीत सगळीकडूनच गळतं." त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. गाडी चाळीस वर्षं चालली ती कुणीतरी प्रत्येक गळती शोधून बंद केली म्हणून.

घरी आणून इंजिन धुतलं, सुकवलं आणि नोझलच्या आजूबाजूला बाळाची पावडर भुरभुरली. दहा मिनिटं इंजिन चालू ठेवल्यावर पंपाजवळची पावडर कोरडी होती आणि तिसऱ्या-चौथ्या नोझलमधली ओली. पाइप वरून धडधाकट दिसत होता. या पाइपचं हेच वाईट: आतलं रबर तडकलं तरी वीण ते झाकते, आणि डिझेल वातीसारखं विणीतून पसरत भलतीकडेच टपकतं. शिवाय खाली इंजिन माउंटिंगचं रबर असतं. ते डिझेलने मऊ होऊन बसलं की खर्च निराळाच.

खरं तर या नळीवर भार काहीच नसतो. आपलं नोझल ११५ ते १२५ बारला उघडतं, पण सुईच्या कडेने झिरपून, तिला वंगण देऊन परत जाणारं डिझेल जवळपास बिनदाबाचं असतं. म्हणून कंपनीने इथे क्लिप दिलेलीच नाही, पाइप नुसता दाबून बसतो. त्याला मारते ती हेडची उष्णता. आणि माझ्या मते नवं डिझेलसुद्धा. एप्रिल २०२० पासून देशभर कमी प्रदूषणाचं बीएस-६ डिझेल आलं, गंधक १० पीपीएमवर. गंधक काढताना अ‍ॅरोमॅटिक घटकही कमी होतात, आणि जुनं नायट्राइल रबर त्याच घटकांनी फुगून घट्ट बसलेलं असतं. ते आक्रसलं की वर्षानुवर्षं कोरडे असलेले सांधे पाझरायला लागतात.

पैसे वाचवायला आधी नाना पेठेतून साधा काळा रबरी पाइप आणला, ६० रुपये मीटर. आतला व्यास ४ मिलिमीटर, म्हणून क्लिपा लावाव्या लागल्या. सहा आठवड्यांत काडीसारखा कडक झाला आणि क्लिपेच्या कडेला चिरला. ते साठ रुपये पाण्यात गेले. व्यास ३.२ मिलिमीटरच हवा, त्यात तडजोड नको.

मग मर्सिडीजचा पार्ट म्हणून चौकशी केली तर एका मीटरला १,४०० रुपये आणि वर कुरियर. तेव्हा डोक्यात आलं की माझ्या गाडीतलं ओएम ६१६ इंजिन आपल्याच आकुर्डीच्या फोर्स मोटर्सने, म्हणजे पूर्वीच्या बजाज टेम्पोने, परवान्यावर बनवलं. त्यांच्या जुन्या ट्रॅक्स गाडीत तेच, जुन्या गुरखामध्ये तेच. टेम्पोचे स्पेअर विकणाऱ्या दुकानात जाऊन "ट्रॅक्सचा ओव्हरफ्लो पाइप, विणीचा" एवढंच म्हटलं. गाडी कुठली ते सांगितलंच नाही. काउंटरवरच्या काकांनी भेंडोळ्यातून मीटरभर कापून दिला, २२० रुपये. मीटरभर घेतला तर एकदा बदलून भरपूर उरतो.

बदलायला तासभर पुरतो. जुना पाइप ओढून काढू नका, नोझलची नळी वाकली तर अख्खं नोझल गेलं. ब्लेडने लांबीत चीर द्या, पण धातूवर ओरखडा पडू देऊ नका. नवा कापताना त्या जागी चिकटपट्टी गुंडाळून मधोमध कापा म्हणजे वीण उसवत नाही. टोक डिझेलमध्ये बुडवून शेवटपर्यंत दाबा. ही परतीची बाजू असल्याने मला एअर, म्हणजे नळीत अडकलेली हवा, काढावी लागली नाही, पहिल्या सेल्फला चालू झाली. (पेट्रोल इंजेक्शनची जुनी गाडी असेल तर यातलं काही करू नका. तिथे नळीत अडीच-तीन बार किंवा त्याहूनही जास्त दाब असतो आणि खाली गरम एक्झॉस्ट. इंजेक्शनसाठीचाच होज आणि त्याच्याच क्लिपा घ्या.)

आता बूच. शेवटच्या नोझलला दुसरी नळी मोकळी राहते, तिच्यावर बोटाच्या पेराएवढी टोपी लागते. ती जुनी झालेली होतीच, म्हणून दुसऱ्या एका दुकानातून रबरी टोपी घेतली, १५ रुपये. "डिझेलला चालेल ना?" हे दोनदा विचारलं, दोनदा हो म्हणाले. फेब्रुवारीत मी मित्रांना छातीठोकपणे सांगत होतो की काम कायमचं झालं. एप्रिलच्या शेवटी कात्रजच्या घाटात बोगद्याच्या अलीकडे तोच वास आला. बॉनेट उघडलं तर टोपी फुगून दुप्पट झालेली आणि नळीवरून सटकलेली. ती व्हॅक्यूमची टोपी होती, हवेसाठीची. परत गेलो तर "आम्ही डिझेलचं म्हणून दिलंच नव्हतं" असं उत्तर. पंधरा रुपयांचा प्रश्न नाही. माझी आई त्या दिवशी रस्त्याकडेच्या कठड्यावर चाळीस मिनिटं उन्हात बसली.

उपाय सायकलवाल्याने दिला. पेडलमधला ४ मिलिमीटरचा छर्रा, दहा रुपयांत पाच. उरलेल्या पाइपचा पाच सेंटिमीटरचा तुकडा कापला, त्यात छर्रा डिझेल लावून पेन्सिलीच्या मागच्या टोकाने मध्यापर्यंत ढकलला आणि तुकडा नळीवर बसवला. पाइप ३.२चा, छर्रा ४चा, त्यामुळे क्लिप न लावताही हलत नाही. अख्खा पावसाळा गेला. दर महिन्याला बोट फिरवून बघतो, कोरडं आहे.

म्हणून पाइपला पैकीच्या पैकी, दुकानातल्या टोपीला शून्य. आता नवीन पाइप टाकणाऱ्याने सगळ्यात आधी बूच तयार करावं आणि मगच ब्लेड हातात घ्यावं. मी उलट क्रमाने केलं, पाइपचंच कौतुक करत बसलो.

उरलेले चार छर्रे, ब्लेड आणि वीतभर पाइप आता डॅशबोर्डच्या कप्प्यात असतात. गेल्या रविवारी आईला घेऊन दिवे घाट चढून सासवडला जाऊन आलो. जाताना-येताना ती मागच्या सीटवर गाढ झोपली होती.