पंधरा वर्षांची वॅगन-आर विकायची का ठेवायची? ठेवली, त्यानंतरचे नऊ महिने

जून 2025 मध्ये आमच्या वॅगन-आरची पंधरा वर्षं भरली. 2010 चं मॉडेल, वॅगन-आरला के-सिरीज इंजिन आलं त्याच वर्षीचं, 998 सीसी, एलएक्सआय, बाबांनी साताऱ्यात घेतलेली. आरसीवरची तारीख जवळ यायला लागली तसा घरात रोज तोच विषय, ठेवायची का एक्सचेंजला टाकायची. शेवटी ठेवली. आता नऊ महिने होत आले, पाच हजार आठशे किलोमीटर झालेत, त्यात चिपळूणला सासरवाडीला जाऊन परत येताना कुंभार्ली घाट चार वेळा चढून झाला, म्हटलं आता सविस्तर लिहूया, कारण तेव्हा मला असं कोणी मांडून सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण शेजाऱ्यांपासून ऑफिसातल्या लोकांपर्यंत सगळे मला हेच सांगत होते की पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात जाते. तसं नाहीये. दहा वर्षं डिझेल आणि पंधरा वर्षं पेट्रोल हे प्रकरण दिल्ली-एनसीआरचं आहे. आपल्याकडे प्रायव्हेट गाडी आरटीओत नेऊन दाखवायची, पास झाली की पाच वर्षांसाठी आरसी रिन्यू होते. फी मात्र एप्रिल 2022 पासून कारला 5,000 झाली, आधी 600 होती, वर पर्यावरण कर वेगळा. उशीर केला तर महिन्याला 500 जास्तीचे लागतात, म्हणून तारखेच्या आधीच अर्ज टाका. एचएसआरपी, म्हणजे ती हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, आधीच बसवून घेतली होती, 745 अधिक जीएसटी म्हणजे 879 रुपये. बाकी पीयूसी, कार्ड वगैरे धरून सगळं मिळून मला साधारण दहा हजार लागले. इन्स्पेक्टरनी लाइट, ब्रेक, हॉर्न, वायपर बघितले, चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतला, आणि झालं. एजंट लावला नाही, लागतच नाही, फक्त अर्धा दिवस सुट्टी काढावी लागली.

पण आरटीओ पास करतंय म्हणून गाडी ठेवावी असं नाही. आमचा निर्णय खरा झाला तो मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये. मी गेलो होतो इंजिनाचं विचारायला, कॉम्प्रेशन बघा, ऑइल खातेय का बघा, आणि ते म्हणाले, "दादा, इंजिनाचं सोडा, इंजिन बांधता येतं. आधी पत्रा बघू." गाडी वर घेतली आणि स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरून त्याच्या मुठीने खालून एकेक ठिकाणी ठोकत गेले. दरवाजांच्या खालची पट्टी, ड्रायव्हरच्या पायाखालचा भाग, मागच्या अ‍ॅक्सलजवळ, स्टेपनीचा खड्डा. सगळीकडे टण टण असा कोरडा आवाज, फक्त डावीकडे मागच्या चाकाच्या वर एके ठिकाणी बद्द वाजलं. तिथे त्यांनी माझं बोट धरून लावलं, रंगाचा फुगा आला होता आणि दाबला तर आत पापडासारखा मोडत होता. हाताच्या पंजाएवढा तुकडा कापून नवीन पत्रा वेल्ड केला, वरून अंडरकोटिंग मारलं. म्हणाले हेच जर चेसिसच्या मेंबरला, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या सांगाड्याला असतं तर मी तुम्हाला सांगितलं असतं की आजच विका. हे वाक्य मी आता प्रत्येकाला सांगतो. कोकणात गाडी असेल किंवा दर पावसाळ्यात जात असेल तर हे आधी करा, मग बाकीचा हिशोब.

हिशोबाचं म्हणाल तर आमच्याकडे बाबांची वही आहे. दोनशे पानी, लाल कव्हरची, 2010 पासून प्रत्येक ऑइल, प्रत्येक फिल्टर, टायर, बॅटरी, तारीख आणि किलोमीटर टाकून त्यांच्या अक्षरात. सुरुवातीची पानं निळ्या शाईत एकदम वळणदार, 2021 नंतर हात थरथरायला लागला ते अक्षरात दिसतं, आणि 2023 पासून माझं अक्षर सुरू होतं. त्या वहीमुळे मला कळलं की आधीच्या तीन वर्षांत वर्षाला सरासरी बावीस हजार खर्च झालाय, सर्व्हिसिंग धरून. माझ्या डोक्यात मात्र पन्नास-साठ हजार बसले होते, कारण एकदा एसीचं मोठं बिल आलं तेच लक्षात राहिलं. बिल आलं त्या दिवशी माणूस चिडून म्हणतो, विकून टाकू ही गाडी, आणि तो दिवस निर्णय घ्यायचा नसतोच.

दुसऱ्या बाजूला नवीन गाडी. पाच लाखाचं लोन, नऊ टक्क्यांनी पाच वर्षं, तर हप्ता दहा हजार तीनशे ऐंशीच्या आसपास बसतो, म्हणजे वर्षाला सव्वा लाख, वर डाउन पेमेंट, नवीन गाडीचा फुल इन्शुरन्स. आमचं रनिंग वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर. मुलीची शाळा, बाजार, महिन्यातून एकदा गाव, कधीतरी चिपळूण. एवढ्यासाठी सव्वा लाख मला जड वाटले, ज्यांचं रनिंग वर्षाला वीस हजार आहे त्यांचं गणित वेगळं येईल.

एक्सचेंजचा अनुभव चांगला नव्हता. एका शोरूमने फोनवर नव्वद हजार सांगितले, गाडी घेऊन गेलो तर दोन माणसं फिरून फिरून बघून पंचावन्नवर आली, आणि एक्सचेंज बोनसचे वीस हजार म्हणाले पण मग नवीन गाडीवरचा कॅश डिस्काउंट कमी केला. म्हणून माझं सांगणं, नवीन गाडीची किंमत आधी एक्सचेंजशिवाय लेखी घ्या, जुन्या गाडीचा विषय नंतर काढा, तरच कळतं कुठून काय जातंय. ऑनलाइन विकत घेणाऱ्या एका कंपनीने बहात्तर दिले होते. आणि कोणालाही द्या, आरसी ट्रान्सफर झाल्याचं स्वतः बघा, नाहीतर चलनं तुमच्या नावावर येत राहतात.

आमचा उशीर पथ्यावर पडला तो सप्टेंबरमध्ये. 22 सप्टेंबर 2025 ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी अठरा टक्के झाला, आधी सेस धरून एकोणतीस होता. मी जूनमध्ये घाई केली असती तर सहा लाखाच्या गाडीवर पन्नास हजार जास्त गेले असते. हे काही मला आधी कळलं नव्हतं, पण घाई करू नका असं जे मिस्त्री म्हणत होते ते असंही उपयोगी पडलं.

आता नऊ महिन्यांत काय काय निघालं ते वहीतून जसंच्या तसं देतो. क्लचचा पूर्ण सेट 8,200. पुढच्या सस्पेन्शनचे लोअर आर्म, लिंक रॉड, मजुरीसकट 6,400. बॅटरी 4,300. दोन सर्व्हिसिंग 7,200. एसीचा पाइप लीक होता, तो आणि गॅस 3,900. फ्युएलचे रबरी पाइप 900. एकूण 30,900, पत्र्याचं काम आणि आरटीओ वेगळं. नेहमीपेक्षा जास्तच आहे, पण क्लच लाख किलोमीटरच्या वर चालला होता, कधीतरी जाणारच होता. क्लच बदलल्यावर घाटात जो फरक पडला तो ड्रायव्हरच्या सीटवर बसल्याशिवाय कळणार नाही. आधी चिपळूणहून परत कोयनानगरकडे वर यायचं म्हणजे क्लचचं पॅडल अर्ध्याच्या वर आल्यावर गाडी उचलायची, आता पाय सोडला की लगेच पकडते.

रस्त्यात बंद पडली एकदाच, शाळेसमोर, तीही बॅटरीमुळे. मिस्त्रींनी पोरगा पाठवला, अर्ध्या तासात चालू.

ई-ट्वेंटी, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल बरेच जण विचारतात. एप्रिल 2023 च्या आधीच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत आणि आमच्याकडच्या पंपांवर साधं पेट्रोल म्हणजे आता तेच. वहीप्रमाणे आधी लिटरला साडेसतरा किलोमीटर मिळायचे, आता सोळाच्या आसपास मिळतात. तेच रस्ते, तोच माझा पाय, म्हणून मी ते पेट्रोलवरच धरतो. रबरी पाइप मिस्त्रींनी हाताने वाकवून दाखवले, बारीक भेगा होत्या, पंधरा वर्षं झाल्यावर पडतातच, पण इथेनॉल असल्यावर धोका नको म्हणून लगेच बदलले. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे गाडी आठ-दहा दिवस उभी राहणार असेल तर मी टाकी रिकामी ठेवत नाही, विशेषतः पावसाळ्यात. इंजिनाला बाकी काही त्रास जाणवला नाही. गार असताना पहिले दोन-तीन सेकंद इंजिनातल्या टायमिंग चेनचा खर्र आवाज येतो, तो वाढतोय का यावर लक्ष ठेवून आहे.

इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी घेतला, हजार सीसीपर्यंत 2,094 अधिक टॅक्स, वर स्वतःचा अपघात विमा. या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनी धरते ती गाडीची किंमत, इतकी खाली आली होती की फुल इन्शुरन्स परवडत नव्हता.

आता जी गोष्ट मला अजून टोचते ती सांगतो, कारण ती लपवून हा अनुभव लिहिला तर खोटं होईल. या गाडीला एअरबॅग नाही, जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस नाही. एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग आपल्याकडे 2019 पासून सक्तीची झाली, आमची त्याच्या नऊ वर्षं आधीची. साताऱ्यात चाळीसच्या स्पीडला मला त्याचं काही वाटत नाही. पण पुण्याला जाताना खंबाटकी उतरून शिरवळच्या पुढे ट्रक मागून लाइट मारत येतो आणि मागच्या सीटवर मुलगी झोपलेली असते तेव्हा पोटात गोळा येतो. वहीतल्या कुठल्याच आकड्याने तो जात नाही. बायकोने तेव्हाच सांगितलं होतं, "पैसे वाचतायत ते ठीक, पण हायवेला हिला घेऊन नको." ती बरोबर आहे असं माझंही मत झालंय. डिसेंबरपासून आम्ही पुण्याला शिवशाहीने जातो, घाटाची चिपळूणची फेरी तेवढी गाडीने, दिवसाउजेडी, साठच्या आत. ज्यांना रोज हायवे आहे त्यांनी माझा सगळा हिशोब बाजूला ठेवून एअरबॅगवाली गाडी घ्यावी, सेकंडहँड घ्या पण घ्या.

हप्त्याचे वाचलेले पैसे आम्ही खर्च करत नाहीयोत. जुलैपासून दर महिन्याला दहा हजार वेगळ्या खात्यात टाकतोय, मार्चअखेर नव्वद हजार होतील, असंच चाललं तर लोन निम्म्याने कमी लागेल. तोपर्यंत ही. मेच्या शेवटी, पाऊस सुरू व्हायच्या आत, गाडी परत वर घ्यायची आणि मागच्या चाकावरचा तो पॅच ठोकून बघायचा असं मिस्त्रींशी ठरलंय. बाबा म्हणाले मी पण येतो, वही मी धरतो.